कुर्डुवाडी जंक्शन आणि बार्शी लाईट : अडीच फुटी रुळांचा इतिहास

आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात. एक भवानी पेठेत पालखी विठोबाला उतरते, दुसरी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. मुक्काम संपला की दोन्ही पालख्या शहर सोडतात आणि पुण्यातले हजारो लोक त्यांच्याबरोबर पायी निघतात. पण शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतली कितीतरी घरे अशी होती की ज्यांना ती वाट पायी झेपत नव्हती. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, रजा न मिळणारे नोकरदार यांची पंढरी रेल्वेने होती. ओंकारेश्वराजवळून किंवा शनिवारवाड्यापासून टांगा करायचा, पुणे स्टेशनावर सोलापूरकडची गाडी धरायची आणि कुर्डुवाडीला उतरायचे. तिथे दुसऱ्या फलाटावर, मोठ्या रुळांच्या निम्म्याहूनही कमी रुंदीच्या रुळांवर, दुसरी गाडी उभी असायची. ती पंढरपूरला न्यायची. कागदावर तिचे नाव बार्शी लाईट रेल्वे. लोकांनी त्यातला ‘रेल्वे’ हा शब्द गाळून टाकला आणि ‘बार्शी लाईट’ एवढेच ठेवले.

पुण्यात निघणाऱ्या स्मरणिकेत सोलापूर जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या एका जंक्शनाचा इतिहास घेण्याचे कारण हेच आहे. ते जंक्शन आपल्या पेठांच्या रस्त्यावरचे होते. पंढरपूरची वाट तिथून फुटत होती, बार्शी-लातूरकडून पुण्यात शिकायला येणारी मुले तिथेच गाडी बदलत होती, आणि त्या छोट्या रुळांवर आयुष्य काढलेल्या माणसांची मुले-नातवंडे आज पुण्यात राहतात. ते रूळ आता उखडले गेले आहेत. त्यांची नोंद नीट व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात मोठ्या गाडीपासून करायला हवी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेची खंडाळा-पुणे गाडी १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रूळ पुण्यापुढे भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोहोचले. पुढचा टप्पा ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘बार्शी रोड’ या स्टेशनापर्यंत झाला, आणि १८६० च्या जूनमध्ये गाडी सोलापुरात शिरली. हे बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. त्या वेळी बोरघाटाचे काम अजून चालूच होते. घाटातला मार्ग खुला व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर मुंबईकडे निघालेला कापूस खंडाळ्याला उतरवून घाटाखाली न्यावा लागे आणि खोपोलीला पुन्हा गाडीत भरावा लागे. प्रवासीही तसेच, पालखीतून नाहीतर तट्टावरून उतरत.

‘बार्शी रोड’ या नावातच त्या स्टेशनाची अडचण होती. बार्शी तिथून एकवीस मैल दूर. बालाघाटाच्या पायथ्याची ही पेठ कापसाची, धान्याची, गुळाची मोठी बाजारपेठ. तिच्या तिन्ही बाजूंना निजामाचा मुलूख, आणि त्या मुलखाचा मालही बार्शीलाच उतरायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापूस हवासा झाला, तेव्हा या भागातल्या बाजारांना पैसा दिसला. पण बार्शीपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता बैलगाड्यांचाच राहिला. काळ्या मातीच्या या मुलखात पावसाळ्यात भरल्या गाडीचे काय होते हे वेगळे सांगायला नको. रेल्वे येऊन पस्तीस वर्षे उलटली तरी बार्शीला स्टेशनाचे नाव मिळाले होते, गाडी मिळाली नव्हती.

ती गाडी आणणारा माणूस एव्हरार्ड काल्थ्रॉप. जन्म १८५७ चा, इंग्रज अभियंता. १८८२ मध्ये तो जी.आय.पी.त इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गाला जोडणाऱ्या स्वस्त, हलक्या फाट्यांचा विषय त्याच्या डोक्यात इथेच शिरला. बार्शीचा मार्ग त्याने हेरला, सरकारशी बोलणी केली, १८८९ मध्ये कंपनीची नोकरी सोडली. भांडवल उभे राहायला आणखी सहा वर्षे गेली. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि १ ऑगस्ट १८९५ रोजी भारतमंत्र्यांबरोबर करार झाला. बार्शी रोड ते बार्शी, रुळांची रुंदी अडीच फूट.

काल्थ्रॉपच्या विचाराचे मोल कळायला थोडे यंत्रशास्त्र समजून घ्यावे लागते, आणि ते अवघड नाही. छोटी रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची गरीब नक्कल, असा समज तेव्हा होता आणि आजही आहे. काल्थ्रॉपने प्रश्न उलटा धरला. खर्च कुठे होतो? रुळांत, पुलांत, भरावात. रूळ किती जाड हवा हे ठरते एका आसावर किती वजन येते त्यावरून. मग त्याने आधी आसावरचे वजन ठरवले: पाच टन, त्याहून जास्त नाही. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही. या हिशोबाने वारला तीस पौंडांचा हलका रूळ पुरेसा झाला. पण पाच टनांची मर्यादा पाळायची तर इंजिनाचे वजन जास्त आसांवर वाटायला हवे. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी जी पहिली इंजिने बांधली त्यांना एकमेकांना जोडलेली आठ चाके होती आणि मागे आणखी चार. रूळ हलके, पण ओढण्याची ताकद भरपूर. मालडबेही तसेच: एकाच लांबीचे, दाबलेल्या पोलादाच्या सांगाड्याचे, बोगीवर बसवलेले, आणि स्वतःच्या वजनाच्या मानाने पुष्कळ माल वाहणारे. मोठ्या रेल्वेतसुद्धा चारचाकी खटारा डबे सर्रास धावत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

ही सगळी सामग्री हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी काल्थ्रॉपने लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकले आणि लोकांना बोलावून चाचण्या करून दाखवल्या. माढा तालुक्यात धावणार असलेल्या गाडीचे प्रयोग इंग्लंडमधले अभियंते आणि लष्करी अधिकारी पाहून गेले. पुढे त्याच विचाराने त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तीसच वर्षांत बंद पडली. बार्शीची गाडी शंभर वर्षे ओलांडून गेली. शिकवण बार्शीने दिली आणि टिकलीही बार्शीच, हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

या माणसाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर काल्थ्रॉपने वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याचा ध्यास घेतला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ती द्यावी म्हणून तो झगडत राहिला. वरिष्ठांनी वैमानिकांना ती वापरू दिली नाही. तो १९२७ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याची बार्शी लाईट मिरजेला पोहोचली.

कुर्डुवाडी-बार्शी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. नंतरचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दक्षिणेला मोडनिंबमार्गे पंढरपूर. १९०७ मध्ये बार्शीहून पूर्वेला तडवळे. १९११ मध्ये लातूर. शेवटी १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ करत मिरज. एकूण २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. जिची सुरुवात एकवीस मैलांवर झाली ती कंपनी दहापट झाली आणि कुर्डुवाडी तिचे केंद्र बनली. इथे कारखाना, इथे इंजिनांची शेड, इथे वसाहत. बार्शीपलीकडचा बराचसा रूळ निजामाच्या हद्दीतला होता, म्हणजे एकाच तिकिटावर माणूस इंग्रजी मुलखातून मोगलाईत जात होता. कसबे तडवळे इथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ते गाव याच मार्गावरचे.

लातूरने या रुळांचा सर्वांत मोठा फायदा घेतला, असे माझे मत आहे. १९११ पूर्वी ते निजामाच्या मुलखातले आडबाजूचे गाव होते. गाडी आली आणि भुसार मालाची बाजारपेठ वाढत गेली. आज डाळींच्या भावासाठी सगळा महाराष्ट्र लातूरकडे पाहतो, त्या बाजाराच्या मुळाशी अडीच फुटी रूळ आहेत.

जंक्शन म्हणून कुर्डुवाडीचे काम मात्र कष्टाचे होते. रुळांची रुंदी बदलते तिथे डबा पुढे जाऊ शकत नाही. माल उतरवावा लागतो आणि पुन्हा चढवावा लागतो. छोट्या गाडीतून आलेल्या कापसाच्या गाठी, शेंगा, गूळ, ज्वारीची पोती हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जायची. मुंबईहून आलेले कापड, घासलेट, लोखंड उलट वाटेने. मालधक्क्यावर दोन उंचीचे डबे समोरासमोर आणि मधे माणसे. आषाढी-कार्तिकीला हाच प्रकार वारकऱ्यांचा. मोठ्या गाडीतून लोंढे उतरायचे आणि छोट्या गाडीत मावायचे नाहीत. डबे भरले की टपावर चढायचे. टपावर दाटीने बसलेले वारकरी, त्यांच्या खांद्यावरच्या पताका आणि खालून दिसेनासा झालेला डबा, असे फोटो आजही पाहायला मिळतात. त्या गर्दीत गाडी चालवणारे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड आणि सांधेवाले यांची नावे कुठल्याच इतिहासात नाहीत. त्यांच्या जबाबदारीवर पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाला भेटून सुखरूप घरी आल्या.

पुणेकर वाचकाला आवडेल अशी एक गंमत १९२७ पासून शक्य झाली. पुणे ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज. कुर्डुवाडी ते पंढरपूर ते मिरज नॅरोगेज. मिरज ते पुणे मीटरगेज, म्हणजे सदर्न मराठा कंपनीची सातारा-सांगलीकडून येणारी जुनी गाडी. पुण्यातून निघून पुण्यातच परत यायचे आणि वाटेत तिन्ही रुंदीच्या रुळांवर बसायचे! १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ही फेरी संपली. तेव्हापासून मिरजेत मात्र तिन्ही गेज एकत्र नांदू लागले आणि लोंढ्याकडचा मीटरगेज बदलेपर्यंत नांदले. पुणे जिल्ह्यात दौंड-बारामती हाही अडीच फुटीच फाटा होता. तोही आता ब्रॉडगेज आहे.

आता या इतिहासातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. रेल्वेच्या पुस्तकांत तो सहसा येत नाही, कायद्याच्या पुस्तकांत येतो.

१८९५ च्या करारात एक कलम होते. सरकारला ही रेल्वे विकत घ्यायची असेल तर किमान बारा महिन्यांची नोटीस देऊन १ जानेवारी १९४४ ला, किंवा त्यानंतर दर दहा वर्षांनी घेता येईल. १९४४ ची संधी युद्धात गेली. १९ डिसेंबर १९५२ रोजी रेल्वे बोर्डाने नोटीस दिली: १ जानेवारी १९५४ पासून बार्शी लाईट सरकारची. कंपनीने ११ नोव्हेंबर १९५३ ला कामगारांना कळवले की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची सेवा संपते. सरकार तुमच्यापैकी इच्छुकांना घेणार आहे, अटी मागाहून कळतील. नेमक्या त्याच सुमारास, ऑक्टोबर १९५३ मध्ये, औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीच्या भरपाईची तरतूद आली होती: सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. बार्शी लाईटच्या कामगारांच्या संघटनेने कंपनीकडे ती भरपाई मागितली. बहुतेकांना नवी नोकरी मिळाली होती हे खरे. सुमारे ७७ टक्के लोक पूर्वीच्याच वेतनश्रेणीत घेतले गेले, उरलेल्यांना काहीशी कमी श्रेणी मिळाली. पण जुन्या मालकाने त्यांना काढले होते हेही तितकेच खरे.

माढ्याच्या न्यायालयात सुरू झालेला हा दावा मुंबई उच्च न्यायालयात गेला. तिथे निकाल कामगारांच्या बाजूने लागला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. न्यायालय म्हणाले, कपात म्हणजे चालू धंद्यातून जादा ठरलेले कामगार कमी करणे. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात होत नाही. कामगार हरले. पण त्यांच्या हरण्याने देशभरच्या कामगारांपुढे केवढे संकट उभे राहिले हे सरकारला लगेच दिसले. कारण आता कोणताही मालक कारखाना बंद करून किंवा विकून मोकळा होऊ शकला असता. १९५७ मध्ये आधी वटहुकूम आणि मग कायदा झाला आणि औद्योगिक विवाद कायद्यात २५ एफएफ व २५ एफएफएफ ही कलमे आली. धंदा हस्तांतरित झाला किंवा बंद झाला तरी कामगाराला भरपाई, हे तत्त्व त्या कलमांनी आणले. आज कायद्याचा विद्यार्थी ‘हरिप्रसाद शिवशंकर शुक्ल विरुद्ध ए. डी. दिवेलकर’ हा निकाल वाचतो तेव्हा त्याला क्वचितच ठाऊक असते की त्यातले अर्धे प्रकरण कुर्डुवाडीच्या खलाशी-गँगमनांचे आहे. न्यायालयात ज्यांना काही मिळाले नाही, त्यांच्यामुळे पुढच्या लाखोंना मिळाले. बार्शी लाईटच्या कुठल्याही गौरवग्रंथात हे पान पहिले असायला हवे.

१९५४ नंतर ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. कुर्डुवाडीच्या कारखान्याचे महत्त्व टिकले. मध्य रेल्वेच्या इतर छोट्या मार्गांच्या, अगदी नेरळ-माथेरानच्या गाडीच्याही, मोठ्या दुरुस्त्या तिथे होत. वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली. रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव पोहोचली आणि छोट्या गाडीचा वेग लोकांना जाचू लागला. मालवाहतूक तर ट्रकांनी केव्हाच नेली होती, कारण कुर्डुवाडीच्या धक्क्यावर माल उतरवून चढवण्याचा खर्च आणि वेळ कुणालाच परवडत नव्हता.

गेज बदलण्याचे काम नव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर. मग २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद, २००८ मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी. पंढरपूर-मिरज हा शेवटचा टप्पा. तिथली छोटी गाडी थांबली आणि दोन-तीन वर्षांत मोठी आली. जुना रूळ उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, वगळून येडशीवरून गेला होता. नव्या आखणीने जिल्ह्याच्या त्या गावाला प्रथमच गाडी दिली.

हे परिवर्तन योग्यच होते, असे मी स्पष्ट म्हणतो. त्याचा पुरावा २०१६ च्या उन्हाळ्याने दिला. लातूर शहर कोरडे पडले होते, तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली: पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांच्या खेपा सुरू झाल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, म्हणजे बार्शी लाईटचाच मार्ग टोकापासून टोकापर्यंत. पाच टनांच्या आसाच्या रुळांवर ते पाणी जाऊ शकले नसते. १८९५ मध्ये काल्थ्रॉपने आखलेल्या आणि त्याच्या कंपनीने वाढवलेल्या वाटेने सुमारे सव्वाशे वर्षांनी एका शहराची तहान भागवली. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांच्या कारखान्याची २०१८ मध्ये पायाभरणी झाली, तीही मोठा रूळ आला म्हणूनच.

खंत वेगळीच आहे. रूळ बदलताना आठवण जपण्याची सोय झाली नाही. इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड खोऱ्यातल्या त्या अल्पायुषी गाडीच्या वाटेचा लोकांनी पायी आणि सायकलने फिरण्याचा मार्ग केला आहे; त्यावरून जाणाऱ्याला तिथे कोणती रेल्वे होती हे कळते. जिच्यापासून ती शिकली त्या बार्शी लाईटच्या जुन्या भरावांवर असा एक फलकही मला दिसलेला नाही. विदर्भातली मूर्तिजापूरची शकुंतला, खानदेशातली पाचोरा-जामनेर या गाड्याही थांबल्या आहेत. त्यांचेही असेच होऊ नये.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती. तुमच्या घरात बार्शी लाईटचे तिकीट, पास, वेळापत्रक, नोकरीचा दाखला, पगाराची चिठ्ठी, संघटनेची पावती, वारीचा फोटो, काहीही असेल तर ते रद्दीत टाकू नका. वडील, आजोबा, आत्या, मामा कुणी त्या गाडीवर नोकरीला असतील आणि आज सांगू शकत असतील तर त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आपल्या पेठेतल्या वाचनालयाकडे किंवा पुण्यातल्या इतिहास संशोधन करणाऱ्या संस्थांकडे त्याच्या प्रती द्या. ज्यांनी ती छोटी गाडी चालवली त्यांच्यातले अनेक आता वयोवृद्ध आहेत. हे काम याच वर्षी व्हायला हवे.